डाव्या वळणाची वेणी

माझी धाकटी जाऊ उजव्या हाताने जेवते, उजव्या हाताने लिहिते, भाजीही उजव्या हातानेच चिरते. विणायला बसली की मात्र तिचे दोन्ही हात आपापसात ठरवून जागा बदलतात. लहानपणी शाळेत पट्ट्या खाऊन खाऊन तिचा डावा हात मुका झाला. विणकाम ती शाळेत शिकली नाही, म्हणून तेवढं एक काम डाव्याकडे राहून गेलं. घरात तिला सगळे डावरी म्हणतात आणि तीही त्या हाकेला ओ देते.

विणणाऱ्या बायकांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. लोकरीच्या विणकामात वेणी घालतात. काही टाके आखूड सुईवर काढून बाजूला ठेवायचे, त्यांच्या पुढचे आधी विणून घ्यायचे, मग ठेवलेले विणायचे. केसांच्या पेडांसारखे टाके एकमेकांवरून जातात आणि मधोमध जाडसर वेणी उठते. सगळ्या जगाची वेणी उजवीकडे वळते, माझीही. डावरी तीच कृती आरशातल्यासारखी करते, म्हणून तिची वेणी डावीकडे वळते. आम्ही दोघी एका घरात सुना म्हणून आलो, एकाच खिडकीशी बसून विणत आलो. शंभर शालींच्या ढिगातून तिची शाल मी डोळे किलकिले करून काढून देईन.

आम्ही खाली राहतो, ती वर. स्वयंपाकघर एकच. भावजी मालगाडीवर गार्ड आहेत, घरी कमी आणि रुळांवर जास्त, त्यामुळे घरातलं जे काय बोलायचं ते आम्ही दोघींनीच बोलायचं. म्हणजे मी बोलायचं. डावरी ताकाला तूर लागू देणाऱ्यातली नाही. दुपारची भांडी आवरली की ती चौकातल्या लोकरवालीच्या दुकानात जाते आणि दिवे लागायच्या सुमाराला परत येते. दुकानात काय करतेस, विचारलं तर म्हणते, विणते. काय विणतेस, विचारलं तर म्हणते, असंच. मी धरून चालले होते की लोकरवाली तिच्याकडून स्वेटर-शाली करवून घेते आणि काउंटरवर विकते. डावरीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

माझी सकाळ देवासमोर दिवा लावून होते. प्रार्थना झाली की वही काढते आणि आदल्या दिवसाचं एक पान लिहिते. देवावर माझा पूर्ण विश्वास आहे. माणसांचं मी बघून घेते. आमच्या घरी हे मीटर वाचायच्या नोकरीत होते, लोकांच्या जिन्याखालच्या अंधारात आयुष्य गेलं, त्यामुळे त्यांना आता कशातच डोकवावंसं वाटत नाही. मी डोकावते. त्यावर ते म्हणतात, तू देवाकडेसुद्धा पावती मागशील.

तर या वर्षीची घरातली मोठी बातमी म्हणजे आमच्या बारकीचं लग्न. बारकी ही डावरीची एकुलती एक लेक. वर आणि खाली अशा दोन मजल्यांवर मिळून वाढली, मला मोठी आई म्हणते. दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. डोळे दुखतात म्हणून चष्म्याच्या दुकानात गेली आणि चार महिन्यांनी येऊन म्हणाली, मला तिथला चष्मेवाला आवडतो. हे म्हणाले, नंबर काढायला गेली आणि नंबर लावून आली.

सगळे हसले. माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्याच दिवशी मी माझ्या चष्म्याचा स्क्रू मुद्दाम सैल केला आणि त्या दुकानात गेले. पोरगा देखणा नाही पण स्वच्छ. नखं कापलेली. त्याने स्क्रू बसवला, काचा पुसून दिल्या, पैसे घेतले नाहीत. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं, निदान त्याने तसं दाखवलं नाही. फुकट काम करणारा माणूस दोनच प्रकारचा असतो, एक भला, नाहीतर घाईतला. हा कुठला ते मला त्या दिवशी कळलं नाही.

मग त्याची आई घरी आली. वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती, वर्षभरापूर्वी काम सोडलं. नवरा नाही, हा एकच मुलगा. उंच, ताठ बाई. अंगात लांब बाह्यांचा स्वेटर, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत ओढलेल्या. मी चहा पुढे केला. तिने पाहिलं, हसली, कपाला हात लावला नाही. बिस्किटांची बशी केली, नको म्हणाली. बारकीचे लहानपणीचे फोटो दाखवले तर ही नुसती बघत राहिली, पानं उलटली मुलाने. चहावर साय धरली, ती तशीच राहिली. माझ्या घरचं पाणीसुद्धा तिने घेतलं नाही. नाकाने कांदे सोलणारी बाई आहे, मी मनात म्हटलं.

निघायच्या आधी तिने मुलाला खूण केली. त्याने पिशवीतून कागदात बांधलेलं काहीतरी काढलं आणि बारकीच्या मांडीवर ठेवलं. पारव्या रंगाची शाल होती.

"मी विणलीय," टायपिस्टबाई म्हणाली. "सुरू केली तेव्हा कुणासाठी ते माहीत नव्हतं. आता वाटतं, तुझ्यासाठीच असावी."

बारकीचे डोळे भरले. मी शालीवर वाकले. घडी घातलेली होती, वरचा पदर दिसत होता. मधोमध वेणी, आणि ती वेणी डावीकडे वळत होती.

मी मान वर करून डावरीकडे पाहिलं. ती कप गोळा करत होती. साय धरलेला कप तिने सगळ्यात आधी उचलला आणि आत घेऊन गेली.

पाहुणे गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, ती शाल तुझी आहे. ती म्हणाली, बारकीला दिलीय ना, म्हणजे बारकीची. मी म्हटलं, विणली कुणी ते विचारतेय. ती कप विसळत म्हणाली, त्या म्हणाल्या ना. मी तिची थोरली जाऊ. खोटं बोलली असती तर मी पकडलं असतं, खरं बोलली असती तर ऐकून घेतलं असतं. ती दोन्ही बोलली नाही. तो सगळा वेळ नळ मात्र सुरू होता, आणि डावरी पाण्याच्या बाबतीत फार काटकसरी आहे.

हे मी यांना सांगितलं. ते म्हणाले, असेल विकत घेतलेली. तुझ्या भावाला मी पेन दिलं तेही विकतच घेतलं होतं. मी म्हटलं, पण ते मी घडवलं असं तुम्ही म्हणाला नव्हता. शालीसारख्या गोष्टीत जी बाई खोटं बोलते ती आणखी कशात बोलत असेल? चहाचा कप उचलत नाही, फोटोचं पान उलटत नाही, सगळं मुलाकडून करवून घेते. उद्या सुनेकडून करवून घेईल. घरात राबायला बाई हवी म्हणून सून आणणारी घरं मी पाहिलीत. यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मीटरवाल्याला आकडा कळतो, आकड्यामागचं कळत नाही.

डावरीचं गप्प बसणं मला त्याहून जास्त टोचत होतं. तिची स्वतःची पोर त्या घरात जाणार. विकलेल्या मालाबद्दल तिला इतकं कशाला झाकायचं होतं? मी लोकरवालीकडे गेले. ती काउंटरमागे बटणं रंगांप्रमाणे डब्यांत टाकत बसली होती. मी म्हटलं, मला वेणीची एक शाल हवी, पारवी. माझ्या जावेच्या हातची चालेल. ती म्हणाली, तयार शाली आम्ही विकत नाही. मी म्हटलं, मग माझी जाऊ तुमच्याकडे रोज काय विणते? तिने एक बटण उचलून नीट पाहिलं आणि म्हणाली, त्या विणतात, पण विकायला नाही. आणि डब्याचं झाकण लावलं.

घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर चालत होतं. विणते, पण विकायला नाही. विकत नाही, तर ती शाल त्या बाईकडे गेली कशी? दोघींची आधीची ओळख आहे का? असली तर त्या दिवशी दोघी पहिल्यांदा भेटल्यासारख्या का वागल्या? हे लग्न वरवर पोरांनी जमवलंय आणि आतून आयांनी, असं तर नाही? आणि तसं असेल तर मला का नाही सांगितलं? या घरात मला न विचारता पडदासुद्धा बदलत नाहीत.

बारकीला मी आडून विचारलं, तुझी सासू दिवसभर काय करते गं? बारकी म्हणाली, मला काही करू देत नाहीत. आणि स्वतः, मी विचारलं. ती थोडी अडखळली. म्हणाली, स्वयंपाक तो करतो, केरही तो काढतो, त्या वाचत बसतात. मग माझ्याकडे रोखून बघून म्हणाली, मोठी आई, आता शालीचीही चौकशी काढलीस ना तू? आईने सांगितलं. शाल खांद्यांवर ओढून घेत ती कामाला गेली. ती शाल ती रोज तशीच दुमडून घेत होती, मला एकदाही हातात द्यायची नाही. मी मागितली की म्हणायची, तू उसवून बघशील.

देवासमोर बसले. म्हटलं, मला या पोरीचं वाईट नकोय, फक्त खरं काय ते बाहेर येऊ दे. देवाने उत्तर दिलं नाही. मी त्याचं मौन होकार समजले. तसं मी बऱ्याचदा समजते.

त्यांच्या घरी जायचं ठरलं तेव्हा मी पिशवीत पांढऱ्या लोकरीचा गुंडा, दोन सुया आणि वेणीची आखूड सुई टाकली. सुयांवर आधीच थोडे टाके घेऊन ठेवले. भावजी गाडीवर होते, यांनी गुडघा दुखतो म्हणून अंग काढून घेतलं. आम्ही तिघी गेलो.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, उजेडाचं, पुस्तकांचं. कोपऱ्यातल्या टेबलावर टाइपरायटर, त्यावर कापड घातलेलं. मी स्वयंपाकघरात डोकावले. साखरेच्या, चहाच्या, डाळीच्या बरण्यांची झाकणं नुसती वर टेकवलेली होती, एकही फिरवून घट्ट केलेली नव्हती. दाराच्या मुठीला जाड फडकं गुंडाळलेलं होतं. गबाळं घर, मी मनात नोंद केली. चष्मेवाला चहा करत होता. मला म्हणाला, काकू, बसा ना बाहेर, आणतो मी. घाईघाईने म्हणाला.

बाहेर टायपिस्टबाई त्याच लांब बाह्यांच्या स्वेटरमध्ये. तिच्याजवळ बारकी, अंगावर पारवी शाल. डावरी खिडकीशी. बोलणं लग्नाच्या तारखेवर आलं होतं. मी म्हटलं, तारखेचं ठरवूच, पण विहीणबाई, माझं एक काम आहे. तुमच्या शालीवरची वेणी मला फार आवडली. मला ती जमत नाही. दोन ओळी दाखवता? आणि मी पिशवीतून सुया काढल्या.

डावरी म्हणाली, ताई, आज नको. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. टायपिस्टबाई म्हणाली, नंतर कधीतरी. मी म्हटलं, दोनच ओळी, चहा येईपर्यंत. आणि सुया तिच्या मांडीवर ठेवल्या.

तिने त्या उचलल्या. म्हणजे डाव्या तळव्याने उजवीकडे ढकलून उचलल्या. बाही मागे सरकली आणि मला बोटं दिसली. सांधे सुजलेले, बोटं एका बाजूला कललेली, झाडाच्या मुळ्यांसारखी. तिने मूठ मिटायचा प्रयत्न केला. मिटली नाही. सुई निसटून फरशीवर पडली आणि गडगडत टाइपरायटरच्या टेबलाखाली गेली.

"चष्मा जवळ नाही माझ्या," ती म्हणाली.

चष्मेवाल्याच्या घरात.

डावरी उठली. टेबलाखाली वाकून तिने सुई काढली, टायपिस्टबाईच्या हातातलं विणकाम हळूच सोडवून घेतलं, तिच्याशेजारी बसली आणि विणायला लागली. तिचे हात नेहमीप्रमाणे एकमेकांच्या जागी गेले. आखूड सुईवर टाके काढले, पुढचे विणले, ठेवलेले विणले. पांढऱ्या लोकरीत डावं वळण उठलं.

बारकी आईचे हात लहानपणापासून बघत आलीय. ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिने अंगावरची शाल काढली आणि टेबलावर पूर्ण पसरली. एवढे दिवस मी घडीचा एकच पदर पाहिला होता, तोही शेवटाकडचा. शालीची सुरुवात मी पाहिलीच नव्हती.

सुरुवात उजव्या वळणाची होती. घट्ट, एकसारखी, माझ्या हातापेक्षा सरस. अर्ध्यापर्यंत वेणी तशीच नेटाने गेली होती. पुढे टाके सैल पडायला लागले. एखादी ओळ ढिली, एखादी आवळलेली, एका ठिकाणी गळालेला टाका ओढूनताणून परत घेतलेला. त्या ओळींवरून बोट फिरवलं तर कळत होतं की विणणारीने काय सोसलंय. आणि मग एका ओळीपासून वेणी उलटी वळली, डावीकडे, आणि शेवटपर्यंत तशीच गेली.

डावरी सुया न थांबवता बोलली. म्हणाली की लोकरवालीकडे लोक अर्धवट कामं आणून देतात. कुणाची आई गेलेली असते आणि स्वेटर एका बाहीवर राहिलेला असतो. कुणाचे डोळे गेलेले असतात, कुणाचा धीर. डावरी ती पुरी करते. कुणाचं काम ते तिला सांगत नाहीत आणि ती विचारत नाही. घरी नेल्यावर ते ज्याने सुरू केलं त्याचंच. ही शाल आली तेव्हा लोकरवाली एवढंच म्हणाली होती की बाईंची बोटं आता चालत नाहीत.

मी म्हटलं, मग वेणी त्यांच्यासारखी उजवीकडे तरी वळवायचीस. तुला येत नाही असं नाही.

"येतं," ती म्हणाली. "पण त्यांचा हात कुठे थांबला ते विणीत तरी खरं राहावं. विणणारी बाई बघते आणि गप्प बसते, ताई. तुझ्यासारखी एखादीच."

टायपिस्टबाई तिच्याकडे बघत होती. "म्हणजे त्या तुम्ही," एवढंच म्हणाली. ओळख नव्हती त्यांची. माझी ती शंका फोल होती. पण बाकीच्या सगळ्या नव्हत्या.

चष्मेवाला ट्रे घेऊन दारात उभा होता. बारकीने त्याला विचारलं, तुला माहीत होतं? प्रश्न कसला, बरण्यांची झाकणं रोज तोच सैल ठेवत होता. त्याने ट्रे खाली ठेवला. म्हणाला, आई म्हणाली, लग्न होईपर्यंत बोलू नकोस. आधी कळलं तर लोक म्हणतील, घरात राबायला बाई शोधतायत.

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. कुणी पाहण्याची गरजही नव्हती. मी जवळजवळ हेच वाक्य घरी यांच्यासमोर बोलले होते.

"दिवसभर लोकांना विचारत असतोस," बारकी त्याला म्हणाली. "आता कसं दिसतंय, आणि आता? मला एकदा तरी विचारायचंस."

मग ती आईकडे वळली. म्हणाली, शाल आणली त्या दिवशीच तुला कळलं होतं. डावरी हो म्हणाली. मला का नाही सांगितलंस? डावरी म्हणाली, सांगायचं ते त्यांनी. आणि मला कळायचं ते कुणी बघायचं, बारकीने विचारलं. डावरीने पुढचा टाका घेतला आणि तो सुईवरून सुटला. तिच्या हातून टाका सुटलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

बारकीने शालीची घडी घातली आणि ती टायपिस्टबाईच्या मांडीवर ठेवली. ही इथे राहू दे, म्हणाली. चप्पल घालून एकटीच जिना उतरली. चष्मेवाला मागे जायला निघाला तर त्याच्या आईने त्याला थांबवलं. ट्रेमधला चहा थंड झाला. तारखेचं कुणी काढलं नाही.

त्यानंतर घरात जो सन्नाटा पसरला तो मी लिहीत नाही, त्याची पानं कोरीच आहेत. बारकी कामावर जायची आणि येऊन वर जायची. डावरी दुकानात जाईना. भाजी चिरायची, भांडी घासायची आणि माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलायची. मला वाटत होतं, मी खोटं काय केलं? बाई झाकत होती, मुलगा झाकत होता, आई झाकत होती. दुखणाईत सासूच्या घरी पोर आंधळेपणाने गेली असती. मी विचारलं नसतं तर विचारलं असतं कुणी? हे मी यांना म्हटलं. ते म्हणाले, आग होती, मान्य. पण तू बंब घेऊन गेलीस आणि पाणी मारायच्या आधी काचा फोडल्यास.

देवासमोर मी त्या दिवसांत काही मागितलं नाही. काय मागायचं तेच कळत नव्हतं. लग्न मोडावं असं मागितलं तर पोर सुकत चाललेली दिसत होती. जुळावं असं मागितलं तर ती बोटं डोळ्यांसमोर यायची. शेवटी म्हटलं, पोरीला जे दिसायचं ते तिचं तिला दिसू दे. आणि दिवा लावून उठले.

मग एका अर्ध्या सुट्टीच्या दिवशी बारकी कुणाला न सांगता टायपिस्टबाईकडे गेली. चष्मेवाला दुकानात असायच्या वेळेला गेली, मुद्दाम. संध्याकाळी आली आणि पहिल्यांदा खाली बसली, माझ्या ओट्याशी. तिने काय काय विचारलं ते सांगत होती. सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात. बटणं लावता येतात का. भांडं उचलता येतं का, कुठलं येत नाही. औषध कुठलं, पुढे काय होणार. बाईंनी सगळं सांगितलं, एकदा सांगायला लागल्या तर थांबेनातच. बोटं आखडायला लागली तरी नोकरीत दोन बोटांनी टाइप करायच्या, कुणाला कळू नये म्हणून बाकीचे घरी गेले की उरलेलं पुरं करत बसायच्या. नोकरी त्यांनी सोडली नव्हती. एका कागदावर इतक्या चुका निघाल्या की त्यांना घरी बसायला सांगितलं. हे त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं.

आणि मग, मी विचारलं.

मग बारकी म्हणाली, लग्न करणार आहे. पण त्याला सांगितलंय की दिवसाच्या कामाला बाई ठेवायची, उरलेलं दोघांनी करायचं, आणि घरातली कुठलीही गोष्ट मला सगळ्यात शेवटी कळता कामा नये. चष्मेवाला कबूल झाला. कबूल व्हायला वेळ किती लागला, मी विचारलं. बारकी हसली. म्हणाली, तू सुधारणार नाहीस. मग जरा गंभीर होऊन म्हणाली, मोठी आई, तू विचारलंस म्हणून मला कळलं, ते मी विसरणार नाही. आणि त्या सुया तू त्यांच्या मांडीवर कशा ठेवल्यास, तेही नाही विसरणार.

मी ओटा पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

डावरी माझ्याशी पुन्हा बोलायला लागली ती एकदम नाही, मिठावरून साखरेवर, साखरेवरून पाहुण्यांच्या यादीवर. एका दुपारी भांडी आवरताना मी तिला सरळ विचारलं, मी नसते तर लग्नाआधी तू पोरीला सांगितलं असतंस का? तिने हातातलं फडकं पिळलं.

"माहीत नाही, ताई," ती म्हणाली. "रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. मग भांडी आवरली की दुकानात जायचे."

इतकी वर्षं एका ओट्याशी उभ्या राहिलो आम्ही. मला वाटत होतं, ही बाई बोलत नाही कारण हिच्याकडे बोलायला काही नसतं.

लग्न साधेपणाने झालं. टायपिस्टबाईंनी बाह्या मुद्दाम कोपरापर्यंत वर केल्या होत्या. सहीच्या वेळी पेन त्यांनी दोन तळव्यांत धरलं, सगळ्यांसमोर. लोकांनी पाहिलं. काहींनी नजर वळवली. मी वळवली नाही, त्यांनीही नाही.

आता दर आठवड्याला एकदा त्या आमच्याकडे येतात. डावरीने लोकरवालीला सांगून एक दिवस मोकळा करून घेतलाय. खिडकीशी दोघी बसतात. सुया डावरीच्या हातात, नमुना टायपिस्टबाईंच्या डोक्यात. वेणी कुठे फिरवायची, किती ओळींनी फिरवायची, ते त्या सांगतात. चहा मोठ्या कानाच्या मगात दिला की त्या घेतात, दोन्ही तळव्यांत धरून. काय बनतंय ते मला सांगितलेलं नाही. लोकर पिवळी आहे आणि काम छोटं आहे. बारकीला विचारलं तर ती म्हणते, मला काय माहीत, आणि कानांपर्यंत लाल होते.

मी जवळ गेले की त्यांचं बोलणं थांबतं. काय चाललं होतं, विचारलं तर डावरी म्हणते, काही नाही, टाके मोजत होतो.

टाके मोजताना कुणी एवढं हसत नाही.